बाबांचं व्हीईजीएफ ८१२ आलंय, केमो थांबवायची का?

प्रश्न : माझे वडील ५४ वर्षांचे आहेत. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला, सिग्मॉइड भागात कॅन्सरची गाठ निघाली आणि पाच आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं. बायोप्सीच्या शेवटच्या रिपोर्टवर पीटी३ एन१, तिसरी स्टेज असं लिहिलंय. टाक्यांच्या जागी पू झाला होता, बरेच दिवस ड्रेसिंग चाललं, आता जखम जवळजवळ भरलीये. पुढच्या आठवड्यात केमो सुरू करायची ठरलीये. मधल्या काळात एका नातेवाइकांनी ‘कॅन्सर शिल्लक आहे का ते रक्तातून कळतं’ म्हणून एका लॅबचं ग्रोथ फॅक्टर पॅकेज करायला लावलं. ऑपरेशननंतर चोविसाव्या दिवशी लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. व्हीईजीएफ ८१२ पिकोग्रॅम आलं, शेजारी ०–५०० अशी रेंज आणि आकडा लाल अक्षरात. आयजीएफ-१ मात्र कमी. त्याच दिवशी हिमोग्लोबिन ९.६ आणि प्लेटलेट ५.२ लाख होते. सीईए (आतड्याच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं एक प्रथिन) ऑपरेशनच्या आधी १८.४ होता, या आठवड्यात २.६ आलाय. डॉक्टरांनी ‘याला अर्थ नाही’ म्हणून व्हीईजीएफचा कागद परत दिला. लॅबवाले दर महिन्याला तपासा म्हणतात. चुलतभाऊ म्हणतो, व्हीईजीएफ अडवणारं इंजेक्शन असतं ते सुरू करा, तोपर्यंत केमो थांबवा. मी २८ वर्षांची, भाऊ ३१ वर्षांचा. आम्हीही हे पॅकेज करावं का? बाबांना रिपोर्ट अजून दाखवलेला नाही.
— एक मुलगी, सातारा

उत्तर : ताई, घाईची गोष्ट आधी. केमो ठरलेल्या दिवशी सुरू होऊ द्या. ८१२ या आकड्यापायी ती एक दिवसही पुढे ढकलू नका. तिसऱ्या स्टेजमध्ये ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांच्या आत केमो सुरू व्हावी असा प्रयत्न असतो, कारण त्यापुढे जितका उशीर होईल तितका तिचा फायदा कमी होत जातो. तुमचे पाच आठवडे गेलेत. तारीख हलवावी लागलीच तर ती जखमेमुळे किंवा तब्येतीमुळे, आणि तो निर्णय सर्जन आणि कॅन्सरचे डॉक्टर जखम बघून घेतील.

डॉक्टर म्हणाले ते बरोबरच आहे. पण लाल अक्षरातला कागद हातात घेऊन बसलेल्या माणसाला ‘अर्थ नाही’ एवढं पुरत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हीईजीएफ हे शरीरात नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारं प्रथिन. गाठ मोठी व्हायची तर तिला रक्त हवं, आणि रक्त हवं तर वाहिन्या हव्यात, हा विचार ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. १९८३ मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक यांच्या गटाला गाठींमधून झिरपणारा, वाहिन्यांच्या भिंतींतून द्रव पाझरू देणारा एक पदार्थ सापडला. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा आणि सहकाऱ्यांनी व्हीईजीएफ वेगळं काढलं, आणि दोन्ही एकच असल्याचं कळलं. २००४ मध्ये ते अडवणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध अमेरिकेत पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. तेव्हा लॅबच्या पत्रकातलं शास्त्र खोटं नाही. आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांचा गट घेतला तर त्यांच्या रक्तातलं सरासरी व्हीईजीएफ निरोगी गटापेक्षा जास्त असतं, आणि रोग पसरलेल्यांमध्ये आणखी जास्त, हे अनेक अभ्यासांत दिसलंय.

गोची ‘सरासरी’ या शब्दात आहे. आठवीच्या आणि दहावीच्या मुलांची सरासरी उंची वेगळी असते. पण एखादा मुलगा पाच फूट दोन इंच आहे एवढंच सांगून तो कुठल्या वर्गात आहे ते सांगा म्हटलं तर कोणीही फसेल. व्हीईजीएफचं तसंच आहे. निरोगी माणसं आणि रुग्ण यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एका माणसाच्या एका आकड्यावरून ‘आहे’ किंवा ‘नाही’ ठरत नाही. त्यातून तुमच्या बाबांच्या बाबतीत आकडा वर जायला कॅन्सर सोडून निदान चार कारणं त्या दिवशी हजर होती.

पहिलं, चोविसावा दिवस. पोटाची चीर भरून यायची, आतड्याचा जोड सांधायचा, तर तिथे नव्या वाहिन्या फुटायलाच हव्यात. त्या फुटायला शरीर जे प्रथिन सोडतं तेच हे. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर रक्तातलं व्हीईजीएफ महिनाभरापर्यंत चढलेलं राहतं, असं मोजून पाहिलेलं आहे. गाठ पूर्ण निघालेली असली तरी. म्हणजे त्या चार आठवड्यांत ही तपासणी केली की ती जखमेची तपासणी होते. घर रंगवायला काढलेलं असताना भिंतीला हात लावून ओल शोधण्यासारखंच ते.

दुसरं, पू. जंतुसंसर्ग आणि सूज असली की व्हीईजीएफ वाढतं. संधिवात, आतड्याचा दाह, मधुमेहाची गुंतागुंत यांतही वाढतं.

तिसरं, हिमोग्लोबिन ९.६. पेशींना प्राणवायू कमी पडला की त्या आणखी वाहिन्या मागतात, आणि त्या मागणीचा निरोप म्हणजे व्हीईजीएफ. पेशीला प्राणवायूची चणचण कशी कळते ही यंत्रणा उलगडल्याबद्दलच २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना मिळालं.

चौथं कारण सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत कमी सांगितलं जाणारं : प्लेटलेट आणि रक्त घेतलेली नळी. इथे जरा थांबू या.

प्लेटलेटच्या पोटात बारीक पिशव्या असतात, त्यांत व्हीईजीएफ साठवलेलं असतं. रक्त गोठताना प्लेटलेट फुटतात आणि तो साठा बाहेर सांडतो. घरी आलेल्या मुलाने रक्त लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीत घेतलं असेल, तर त्यात रक्त गोठू देतात आणि वर सुटलेलं पाणी, म्हणजे सीरम, तपासतात. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असतं. त्यात रक्त गोठत नाही आणि प्लाझ्मा मिळतो. एकाच माणसाच्या एकाच दंडातून एकाच मिनिटाला दोन्ही नळ्या भरल्या तरी सीरममधलं व्हीईजीएफ प्लाझ्मापेक्षा कित्येक पट जास्त निघतं. निरोगी माणसाच्या प्लाझ्मात ते काही दहांच्या घरात असतं, सीरममध्ये शंभर ते काही शेकडे सहज भरतात. तुमच्या रिपोर्टवर ‘नमुना’ किंवा ‘सॅम्पल’ या ओळीत काय लिहिलंय ते बघा. सीरम लिहिलेलं असलं तर ८१२ मधला मोठा वाटा रक्त नळीत गेल्यावर, गोठताना तयार झालेला आहे. तेवढं व्हीईजीएफ बाबांच्या शरीरात फिरत नव्हतं.

त्यात प्लेटलेट ५.२ लाख. सर्वसाधारण दीड ते साडेचार लाख. लोह कमी पडलं की आणि अंगात सूज-संसर्ग असला की प्लेटलेट वाढतात, बाबांना संसर्ग होताच, आणि लोहही कमी असण्याची शक्यता आहे. ज्यांचे प्लेटलेट अडीच लाख आहेत त्यांच्यापेक्षा बाबांच्या नळीत व्हीईजीएफच्या दुप्पट पिशव्या फुटल्या. म्हणूनच काही संशोधक सीरमचा आकडा प्लेटलेटच्या संख्येने भागून मगच बोलतात. लॅबच्या ०–५०० या रेंजमध्ये या भागाकाराला जागाच नाही.

शिवाय वेळ. सीरमसाठी नळी साधारण अर्धा तास ठेवून मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची असते. रक्त घेणारा मुलगा सकाळी सात ते दहा अशी सात-आठ घरं करत फिरतो, नळ्या डब्यात पडून असतात. जितका वेळ गोठलेल्या रक्तावर सीरम तसंच राहील तितकं व्हीईजीएफ चढत जातं. प्लाझ्मा घेतला म्हणून सुटका होते असंही नाही : अर्ध्या तासाच्या आत फिरवावा लागतो, आणि उरलेसुरले प्लेटलेट काढायला दुसऱ्यांदा, जास्त वेगाने आणि थंडाव्यात फिरवावा लागतो. दुसरी फेरी चुकवली तर तरंगणारे प्लेटलेट गोठवून-वितळवताना फुटतात आणि आकडा पुन्हा खोटा वर जातो. संशोधनाच्या प्रयोगशाळेत हे सगळं घड्याळ लावून करतात. घरपोच पॅकेजमध्ये ते कितपत होतं, याचा विचार तुम्हीच करा.

दर महिन्याला तपासा म्हणतात त्याचंही उत्तर यातच आलं. पुढच्या महिन्यात जखम भरलेली असेल, पू गेलेला असेल, केमोमुळे प्लेटलेट खाली आलेले असतील. आकडा आपोआप घटेल आणि कोणीतरी म्हणेल, बघा, औषध लागू पडतंय. त्यापुढच्या महिन्यात साधा ताप आला तर पुन्हा चढेल, आणि घरात पुन्हा रडारड. दोन्ही वेळा कॅन्सरबद्दल काहीही कळलेलं नसेल.

आयजीएफ-१ कमी आलंय त्याने घाबरू नका, हुरळूही नका. हे प्रथिन मुख्यतः यकृतात बनतं. खाणं कमी झालं, वजन उतरलं, अंगात सूज असली की ते घसरतं. वयाप्रमाणेही घटतं, त्यामुळे रेंज वयानुसार दिलेली नसेल तर तुलनाच चुकते. याचा आतड्याच्या कॅन्सरशी संबंध आहे, पण तो वेगळ्या पातळीवरचा. ज्यांचं आयजीएफ-१ वर्षानुवर्षं जास्त असतं अशा लोकसमूहात हा कॅन्सर किंचित जास्त दिसतो. ॲक्रोमेगाली या आजारात ग्रोथ हॉर्मोन आणि आयजीएफ-१ फार वाढलेलं असतं, म्हणून त्या रुग्णांना कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघणं, सुचवतात. ऑपरेशन झालेल्या माणसात कॅन्सर शिल्लक आहे का, हे आयजीएफ-१ सांगत नाही. पॅकेजमध्ये पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा असतील तर त्यांनाही वरचाच प्लेटलेटचा न्याय लावा, ती दोन्हीही त्याच पिशव्यांत असतात. जीडीएफ-१५ नावाचा आकडा असला आणि बाबा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असले तर तो त्या गोळीनेच वाढतो.

आता चुलतभावाचं इंजेक्शन. ते बेव्हॅसिझुमॅब. रोग यकृतात किंवा फुप्फुसात पसरलेला असताना केमोच्या जोडीला ते देतात. ज्या चाचणीवरून ते मंजूर झालं तिच्यात केमो एकटी घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १५.६ महिने होतं, जोडीला हे घेणाऱ्यांचं २०.३ महिने. पण त्या रुग्णांतसुद्धा व्हीईजीएफ मोजून कोणाला फायदा होईल हे आधी ओळखता आलं नाही. ज्या औषधाचा नेमच व्हीईजीएफवर आहे, ते द्यायचं की नाही हे डॉक्टर व्हीईजीएफचा आकडा बघून ठरवत नाहीत. गंमत म्हणजे इंजेक्शन दिल्यावर रक्तातलं एकूण व्हीईजीएफ मोजलं तर ते बहुधा वाढलेलं निघतं, कारण औषधाला चिकटलेलं व्हीईजीएफ सावकाश बाहेर पडतं.

आणि बाबांचा रोग पसरलेला नाही, गाठ काढून टाकलेली आहे. अशा दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजच्या रुग्णांत ऑपरेशननंतर केमोला हे इंजेक्शन जोडून बघितलं गेलंय. एनएसएबीपी सी-०८ आणि अव्हांत या दोन मोठ्या चाचण्या त्यासाठीच झाल्या. पहिलीत फायदा दिसला नाही. दुसरीत तर हे घेणाऱ्यांचे निकाल अधिक वाईट असण्याकडे कल होता. शिवाय या औषधाने जखम भरणं अडतं, क्वचित आतड्याला भोक पडतं. मोठ्या ऑपरेशननंतर निदान २८ दिवस आणि जखम पूर्ण भरेपर्यंत ते देतच नाहीत. कालपरवापर्यंत पू वाहत होता अशा पोटावर हा प्रयोग करायला सांगणाऱ्या चुलतभावाला चहा पाजा आणि विषय बदला.

मग कॅन्सर परत येतोय का हे बघायचं कशाने? तुमच्याकडे त्याचं साधन आधीच आहे आणि तुम्ही ते पत्रात एका ओळीत उरकलंत : सीईए १८.४ वरून २.६.

सीईए १९६५ मध्ये मॉन्ट्रियलला गोल्ड आणि फ्रीडमन यांनी शोधला. तोही निदानासाठी कुचकामीच, कारण सिगारेट-विडी ओढणाऱ्यांत, यकृताच्या आणि स्वादुपिंडाच्या आजारांत तो वाढतो, आणि कित्येक गाठी तो सोडतच नाहीत. पण ज्याच्या गाठीने तो ऑपरेशनआधी वाढवला होता त्याच्यासाठी पुढे तोच पहारेकरी होतो. बाबांच्या गाठीने वाढवला होता. गाठ निघाल्यावर चार ते सहा आठवड्यांत तो खाली यायला हवा, तसा आलाय. विडी-सिगारेट न ओढणाऱ्याला साधारण ३ च्या आत आणि ओढणाऱ्याला ५ च्या आत नॅनोग्रॅम धरतात, म्हणजे २.६ ठीक आहे. पत्रातली सगळ्यांत चांगली बातमी तीच.

हा पहारा नीट चालायचा तर काही पथ्यं आहेत. सीईए दर वेळी त्याच लॅबमध्ये, त्याच मशीनवर करा. वेगवेगळ्या कंपन्यांचे किट एकाच रक्ताचे वेगळे आकडे देतात, आणि लॅब बदलल्यामुळे ‘वाढलेला’ सीईए लोकांची झोप उडवतो. केस-नखांच्या नावाखाली बायोटिनच्या ५–१० मिलिग्रॅमच्या गोळ्या घरात आल्या असतील तर तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. काही मशीनवर त्यामुळे सीईए खोटा कमी दिसतो, आणि पहारेकऱ्याने खोटं ‘सगळं ठीक’ म्हणणं जास्त धोक्याचं. केमो चालू असताना, विशेषतः तिच्यात ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध असताना, सीईए थोडा चढू शकतो, त्यावरून लगेच निष्कर्ष काढायचा नाही. केमो संपल्यावर मात्र वाढलेला आकडा आला तर काही आठवड्यांत तीच तपासणी पुन्हा, आणि दोन्ही वेळा वाढता असेल तर सीटी स्कॅन. नुसत्या आकड्यावर औषध सुरू करत नाहीत.

वेळापत्रक सर्वसाधारणपणे असं असतं : सीईए आणि डॉक्टरांची तपासणी पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे पाच वर्षं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी. छाती-पोट-ओटीपोटाचा सीटी दर सहा ते बारा महिन्यांनी, पाच वर्षं. कोलोनोस्कोपी ऑपरेशननंतर एका वर्षाने, ठीक असेल तर तीन वर्षांनी, मग दर पाच वर्षांनी. इथे एक गोष्ट जुन्या फायलीत शोधा : ऑपरेशनआधीची कोलोनोस्कोपी शेवटपर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत गेली होती का? गाठीने वाट अडवली म्हणून ती अर्ध्यावर थांबली असेल तर उरलेलं आतडं अजून कोणी पाहिलेलंच नाही. मग पहिली कोलोनोस्कोपी वर्षाने नाही, तीन ते सहा महिन्यांत करायची असते. हे घरच्यांच्या नजरेतून नेहमी सुटतं.

एवढा पहारा कशाला, तर परतलेला रोग बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत, यकृतात किंवा फुप्फुसात दिसतो, आणि एक-दोन गाठी असताना सापडला तर पुन्हा ऑपरेशन करून काढता येतो. ब्रिटनमध्ये ३९ रुग्णालयांतल्या १,२०२ रुग्णांवर याची चाचणी झाली, तिचे निकाल २०१४ मध्ये आले. तक्रार आली तरच तपासा, अशा गटात बरं करण्याच्या हेतूने पुन्हा ऑपरेशन शक्य झालं ते २.३ टक्के रुग्णांत. नेमाने सीईए करणाऱ्या गटात ६.७ टक्के, सीटी करणाऱ्या गटात ८ टक्के. आयुष्य किती वाढतं यात मात्र ठळक फरक दिसला नाही, तेव्हा दर महिन्याला काहीतरी तपासत राहण्याने काही साधत नाही हेही त्यातूनच कळतं.

लॅबवाला उद्या ‘मग सीटीडीएनए करा’ म्हणेल. ती तपासणी वेगळ्या जातीची आहे, ग्रोथ फॅक्टरच्या पंगतीत तिला बसवू नका. तिच्यात गाठीतूनच सुटलेले डीएनएचे तुकडे शोधतात, त्यामुळे जखमेने किंवा प्लेटलेटने तिचा निकाल खोटा वर जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत (२०२२) दुसऱ्या स्टेजच्या रुग्णांत तिच्या मदतीने केमो २८ टक्क्यांऐवजी १५ टक्क्यांनाच द्यावी लागली आणि रोग परतण्याचं प्रमाण वाढलं नाही. पण बाबा तिसऱ्या स्टेजचे आहेत, त्यांना केमो द्यायचीच आहे. निकाल काहीही आला तरी पुढच्या आठवड्याचा बेत बदलत नसेल तर आज त्यावर पैसे घालू नका.

त्या पैशांची जास्त गरज हिमोग्लोबिनला आहे. ९.६ घेऊन केमोला जाणं म्हणजे आधीच दमलेल्या माणसाला घाट चढायला लावणं. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोह किती आहे ते सांगणाऱ्या दोन्ही तपासण्या मागा. अंगात सूज असली की एकटं फेरिटिन खोटं चांगलं दिसतं, सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह कमीच समजा. अशा वेळी तोंडाने घेतलेलं लोह अंगी लागत नाही आणि पोट मात्र बिघडतं, म्हणून शिरेतून लोह द्यायचं का हे डॉक्टरांना विचारा. उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत चालले असतील तर कोणत्या गोष्टी पॅकेजमध्ये बसतात ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

आता तुम्ही दोघं. पॅकेज अजिबात करू नका. समजा, मुद्दाम उदार होऊन धरू, की ही तपासणी कॅन्सर असलेल्या १०० पैकी ७० जणांना पकडते आणि निरोगी १०० पैकी ८० जणांना मोकळं सोडते. एक हजार माणसं तपासली आणि त्यांत पाच जणांना खरोखर कॅन्सर आहे. त्या पाचांतले तीन-चार सापडतील. उरलेल्या ९९५ मधून १९९ जण उगाच लाल अक्षरात येतील आणि एक-दोन खरे रुग्ण ‘नॉर्मल’चा कागद घेऊन निर्धास्त घरी जातील. तुमच्या वयात कॅन्सर असलेले पाचही नसतील, तेव्हा हिशेब आणखी बिघडतो.

तुमच्यासाठी महत्त्वाचा कागद बाबांच्या फायलीत आहे किंवा असायला हवा. काढलेल्या गाठीवर एमएमआर तपासणी, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची तपासणी, झाली का ते बघा. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ अशी चार नावं असतील आणि पुढे प्रत्येक प्रथिन आहे की हरवलंय ते लिहिलेलं असेल. नसेल तर पॅथॉलॉजीत ठेवलेल्या मेणाच्या ठोकळ्यावर ती आजही करता येते, बाबांना पुन्हा टोचावं लागत नाही. चारही शाबूत असतील तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक प्रकाराची शक्यता फार कमी होते. एखादं हरवलेलं असेल तर पुढची तपासणी आणि जनुकीय सल्ला लागतो. लिंच ठरलाच आणि तुमच्यापैकी कोणात ते जनुक आलं असेल, तर जनुकानुसार विशीच्या पहिल्या किंवा तिशीच्या पहिल्या पाच वर्षांपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करतात. म्हणजे तुमच्यासाठी हा प्रश्न आत्ताचा आहे. त्यात बायकांना गर्भाशयाच्या कॅन्सरचाही धोका असतो. आत्या, काका, आजी-आजोबा यांच्यात आतड्याचा, गर्भाशयाचा, जठराचा कॅन्सर कोणत्या वयात झाला होता हे मोठ्या माणसांना विचारून एका कागदावर लिहून न्या. ‘पोटाच्या दुखण्याने गेले’ एवढंच कळलं तरी तेही लिहा, वयासकट.

लिंच नसेल तर नियम सोपा आहे : चाळिशी किंवा बाबांच्या निदानाच्या वयातून दहा वजा, यांतलं जे आधी येईल ते. ५४ वजा १० म्हणजे ४४, म्हणून तुमच्यासाठी चाळीस. तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी आणि पुढे दर पाच वर्षांनी. त्याआधी शौचातून रक्त पडलं, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहिली किंवा कारण नसताना हिमोग्लोबिन उतरलं, तर वयाचा नियम बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. आपल्याकडे अशा रक्ताला मूळव्याध ठरवून महिनोन् महिने मलम लावत बसतात, आणि निदानाचा उशीर तिथेच होतो. मूळव्याध असलेल्या माणसालाही वर गाठ असू शकते.

एक गोष्ट लॅबच्या बाजूने. व्हीईजीएफची तपासणी सगळीकडे फुकट जाते असं नाही. पोएम्स नावाच्या एका दुर्मीळ आजारात ती निदानाला आणि उपचारांवर नजर ठेवायला खरोखर वापरतात. पुढच्या वेळी कोणी पॅकेज सुचवलं तर पैसे देण्याआधी एवढंच विचारा : आकडा वर आला तर आमचे डॉक्टर काय वेगळं करतील, आणि खाली आला तर काय? दोन्हीचं उत्तर ‘तेच’ असेल तर फोन ठेवा.

राहिला बाबांना कागद दाखवायचा प्रश्न. दाखवा. लपवलेला कागद उशीखाली सापडतो, आणि तेव्हा त्याच्यासोबत समजावून सांगणारं कोणी नसतं. दाखवण्याआधी पेन घेऊन लाल आकड्याशेजारी लिहा : ऑपरेशननंतर २४ वा दिवस, जखमेत पू, हिमोग्लोबिन ९.६, प्लेटलेट ५.२ लाख, नळी सीरमची की प्लाझ्माची ते. त्याखाली सीईए १८.४, बाण, २.६. हा कागद केमोच्या दिवशी फाईलमध्ये सगळ्यांत मागे लावा. पुढे एमएमआरचा रिपोर्ट आणि कोलोनोस्कोपीचा.